शेवटचा घास

नमस्कार श्रोतेहो.

परवा एकादशी आहे. म्हणजे बऱ्याच घरांत उद्या रात्री साबुदाणा भिजणार, शेंगदाणे भाजले जाणार, बटाटे उकडून ठेवले जाणार. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असं आपणच म्हणतो आणि म्हणता म्हणता खिचडीची दुसरी ताटली पुढे ओढतो. त्यात माझाही नंबर लागतो, तेव्हा हे उपदेश म्हणून ऐकू नका.

आज एका खादाड राजाची गोष्ट सांगायची आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित. पाली ग्रंथांत त्याला पसेनदी म्हणतात. हा एका बैठकीला द्रोणभर तांदळाचा भात खायचा. द्रोण म्हटल्यावर तुम्हाला पळसाच्या पानांचा द्रोण आठवेल, पण हा तो नव्हे. हे धान्याचं मोठं माप होतं, आपल्या शेर-पायलीसारखं. एकदा असाच भरपेट जेवून राजा धापा टाकत श्रावस्तीत बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी त्याची अवस्था पाहिली. अमुक खाऊ नकोस, तमुक सोड, उपास कर, असलं काही ते बोलले नाहीत. एक छोटीशी गाथा म्हणाले: जो सदा सावध असतो आणि मिळालेल्या अन्नात माप ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, म्हातारपण सावकाश येतं, आयुष्य टिकतं.

राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की म्हणत जा, रोजचे शंभर कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, देईन. टोकायला पगारी माणूस! आपल्याकडे हे काम घरात फुकट होतं, म्हणून आपण ते मनावर घेत नाही.

पुढे अट्ठकथेत, म्हणजे नंतरच्या टीकाग्रंथात, एक युक्ती सांगितली आहे. गाथा जेवणाच्या आरंभी म्हणायची नाही. राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा म्हणायची. राजा तो घास खाली ठेवेल. त्या घासात जितकी शितं, तितके तांदूळ पुढच्या वेळी कमी शिजवायचे. मला यातला हिशेबीपणा फार आवडतो. आज एक घास कमी, पण तो कायमचा कमी.

आता नेवाशाला येऊ. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती तिथे. सहाव्या अध्यायात, योगाला कोण लायक नाही हे सांगताना माउली आधी जिभेच्या गुलामाला बाजूला काढतात, 'जो रसनेंद्रियाचा अंकिला'. इथवर कोणीही सांगेल. पण लगेच पुढे, जो हट्टाने तहानभूक कोंडून ठेवतो, त्यालाही बाजूला काढतात. हट्टाला ते 'आग्रहाची बांदोडी' म्हणतात. बांदोडी म्हणजे बंदिखाना. कडकडीत उपासाचा तोरा मिरवणाऱ्यांनी ही ओवी जरूर वाचावी. मग खायचं कसं? 'युक्तीचेनि मापें मविजे'. अन्न घ्यावं, पण मापून. बोलणं मोजकं, चालणं मोजकं, झोपही वेळेवर आणि मोजकी. मोजक्या बोलण्याचं म्हणाल तर आकाशवाणीवाले आम्हाला ते मिनिटं लावून शिकवतात.

गंमत बघा. माउलींच्या काळी आजचं फराळाचं ताट कुणी ओळखलंही नसतं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोही तिकडचाच. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दींच्या गलबतांतून हे सगळं आलं आणि बिनबोभाट उपासाला चालू लागलं. ताटात जुनी म्हणावी अशी एक भगर. पदार्थांची यादी बदलली याचं मला काही वाटत नाही. यादी पाळता पाळता माप मात्र ताटातून निघून गेलं.

मग कोणी विचारेल, सगळंच मापात चालतं तर दारूही मापात का नको? प्रश्न रास्त आहे. बौद्धांच्या पंचशीलात, म्हणजे पाच नियमांत, पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे. तिथे माप नाही, सरळ विरती आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही 'मी दारू पिणार नाही' एवढंच आहे, 'जास्त पिणार नाही' असं नाही. तुळशीची माळ घालणारा वारकरीही दारू सोडतो ती पूर्णच. कारण त्या शीलाच्या शब्दांतच आहे. पालीत मद्याला 'पमादट्ठान' म्हटलंय, म्हणजे प्रमादाचं, बेसावधपणाचं ठिकाण. भात कितीही खाल्ला तरी मापणारा शुद्धीवर असतो, फार तर पेंगतो. दारूत पहिल्यांदा जातो तो मापणाराच. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या गर्दीला प्रश्न विचारून विचारून हेच तिच्या तोंडून वदवून घेत.

आणि हो, राजाचं पुढे काय झालं ते राहिलंच. हळूहळू तो द्रोणावरून नाळीवर आला. नाळी हे द्रोणाच्या मानाने अगदीच लहान माप. अंग हलकं झालं. मग एके दिवशी त्याने स्वतःच्याच अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, भगवंतांनी माझं दोन्हीकडचं भलं केलं, इथलंही आणि पुढचंही.

सुदस्सनाचे शंभर कार्षापण त्यानंतर चालू राहिले की थांबले, ते काही सुत्तात, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्या मूळ पाली पाठात, लिहिलेलं नाही.

नमस्कार.