गोळीभोवतीचा कागद

(गावातल्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान. बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

मंडळी, ही गोळी पुढं पुढं द्या. घाबरायचं काही नाही, सागाची आहे. आयुष्य आयटीआयमध्ये पोट्ट्यांना लेथ शिकवण्यात गेलं, आता घरच्या लेथवर असले उद्योग चालतात. तिच्याभोवतीचा पांढरा कागद मात्र खराखुरा आहे. आजचं बोलणं त्या कागदाबद्दलच आहे.

काडतूस म्हटलं की आपल्याला चरबी आठवते. गाईची, डुकराची, दातानं तोडायचं, मंगल पांडे, बराकपूर, २९ मार्च १८५७. सगळं पाठ. पण चरबी लावायचीच कशाला आणि लावायची कशावर, हे शाळेत कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती कागदावर लावत होते, आणि कागद होता तो गोळी नळीत नीट बसावी म्हणून.

आधी भरमार बंदूक डोळ्यांपुढं आणा. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, छर्रे नाहीतर गोळी टाकायची, चिंधी कोंबायची, गजानं ठासायचं. नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीपेक्षा बारीक. त्यामुळं ती भिंतींना थडकत बाहेर पडते आणि शेवटची थडक जिकडून बसेल तशी जाते. नळीला आतून पेचदार आटे पाडले की गोळी भोवऱ्यासारखी फिरते, सरळ जाते. पण आट्यांत रुतायची तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडातून घालायची तर हातोडी हवी. लढाईत हातोडी कुठं ठोकत बसता?

इंग्रजांच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत यावर तोड निघाली. नळी .५७७ इंच, आणि प्रिचेट नावाच्या बंदुका करणाऱ्याची गोळी .५६८. मधली फट ९ हजारांश इंच. ती भरायला कागद. गोळी मऊ शिशाची. दारू पेटली की मागून असा दणका बसतो की गोळी फुगते आणि कागदासकट आट्यांत रुतते. शिपायानं दारूकडचं टोक दातानं तोडायचं, दारू ओतायची, काडतूस उलटं करून गोळीकडचं टोक नळीत घालायचं, वर उरलेला रिकामा कागद तोडून फेकायचा, मग गज. गोळीभोवतीचा कागद आतच राहिला. तो सरकावा, दारूची काजळी मऊ राहावी म्हणून वंगण. एवढीच गोष्ट. पण ते वंगण कशाचं, हे सांगायला कंपनी सरकारला जमलं नाही.

१८५३ हे साल आपल्यालाही परकं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. पुढच्या वर्षी ते राज्यही खालसा.

दुसरं दुखणं हवेचं होतं. आपल्या उन्हात चरबी वितळून कागदात मुरायची, काडतूस कोरडं पडायचं, गोळी अर्ध्या नळीत अडकायची. मग गोळी .५५० इंचाची केली आणि वंगणाला मेण घेतलं. आणि हिंदी शिपायांसाठी १८५८ साली नवीच बंदूक काढली. तिच्यात आटेच नव्हते! ना आटे, ना नेम. भांडण मिटवायची ही पण एक रीत.

पुढं मागून भरायच्या रायफली आल्या, पितळी काडतुसं आली, तरी कागद गेला नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम, बारा भाग शिसं आणि एक भाग कथील. तिलाही कागदाचा सदरा. अमेरिकेत रानरेडे मारणाऱ्या शार्प्स रायफलींच्या गोळ्यांनाही तोच. परदेशात अजूनही काही हौशी लोक घरी शिसं ओतून, कागद गुंडाळून जुन्या मोठ्या नळीच्या रायफली चालवतात.

आता माझ्या आवडीचा भाग. हिशेब. समजा नळी .४५० इंचाची आणि आट्यांच्या तळाशी .४५८. गोळी ओतली .४५० ची. कागद २ हजारांश इंच जाड, वेढे दोन. व्यास किती वाढला? पोट्टे लगेच सांगायचे, चार हजारांश. चूक! व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावाल तेव्हा या बाजूला दोन थर आणि त्या बाजूला दोन थर. आठ. म्हणजे बरोबर .४५८. झेरॉक्सचा कागद याच्या दुपटीनं जाड असतो, तो चालत नाही. पतंगाचा ओला केला की हातात येतो.

ओला का करायचा? कागदाची पट्टी समांतरभुज चौकोनात कापायची, दोन्ही टोकं तिरपी. ओली करून गुंडाळली की ती टोकं एकमेकांना नुसती भिडली पाहिजेत. एकावर एक चढली तर तिथं उंचवटा, फट राहिली तर तिथं खड्डा. शेपटी बुडाखाली दुमडायची किंवा पिळायची. वाळताना कागद आवळतो आणि गोळीला कातडीसारखा बसतो. त्यासाठी धागा लांब हवा, म्हणून चिंध्यांचा, सुताचा कागद सगळ्यांत चांगला. हे वाचल्यावर मला हसू आलं. कापूस आपला, आणि १९३४ नंतर ग्रामोद्योग संघानं वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागद करायला शिकवलं. गांधीजींच्या माणसांनी केलेला कागद गोळीला किती छान बसला असता, असं मी एकदा बोललो तर घरात दोन दिवस अबोला होता.

कोणी करून बघायच्या भानगडीत पडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, आणि शिसं वितळवताना श्वासातून अन् हातातून पोटात जातं, ते निराळंच. रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, तूर खाल्ली तर आपल्या नशिबी वनखात्याकडं अर्ज.

मघाशी काकाजींनी विचारलं, "एवढ्या आगीत कागद जळत नाही काहून?" वेळच मिळत नाही, काकाजी. गोळी काही हजारांश सेकंदांत नळीबाहेर असते. तेवढ्यात आटे कागद उभा चिरतात, आणि बाहेर पडताच त्याच्या चिंध्या नळीपासून थोड्या पावलांवर लग्नातल्या अक्षतांसारख्या पडतात. जाणता नेमबाज बार टाकल्यावर आधी निशाणाकडं जात नाही, त्या चिंध्या वेचतो. आट्यांच्या रुंदीच्या स्वच्छ फिती असल्या तर काम चोख. भाजल्या, भोकं पडली तर मागचा धूर बाजूनं निसटला. आणि काहीच सापडलं नाही तर कागद गोळीला चिकटूनच गेला, मग नेमाचं काही खरं नाही.

ती सागाची गोळी कुठं पोचली? मागच्या रांगेत वाटतं. बाळा, कागद सोडवू नकोस. तीनदा फाटला, तेव्हा कुठं हा बसलाय.