वेशीवरचा दगड आणि निळी पाटी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘गावाच्या इतिहासाची पाटी कशी असावी’. पाटीवर येणारच आहे मी, पण आधी दगडावर बोलू द्या, कारण रस्त्याकडेला इतिहास लिहून ठेवायचा हे काही आपण सरकारकडून शिकलेलो नाही, हजार वर्षं करतोय.

अलिबागहून रेवदंड्याला जाताना अक्षी लागतं. तिथला शिलालेख कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला होता आणि आपल्या गाड्या बीचवर जायच्या घाईत बाजूनं निघून जायच्या. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. शकाच्या वाचनावरून विद्वानांत वाद आहे, तो असू दे, पण मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरतात. त्यात केसिदेवराय येतो, त्याचा प्रधान भइर्जु सेणुई येतो, देवीसाठी दिलेलं धान्य येतं. आणि सुरुवात कशानं, तर जगात सुख नांदो! दानाचा सरकारी कागद तो, आणि पहिलं वाक्य हे. मी दर वेळी तिथे अडकतो.

आता गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड. इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. वर चंद्रसूर्य, मधे लेख, खाली ती गाढवाची शिवी. लोक खालचं बघतात नि तोंड फिरवतात. अहो, पण मधलं वाचा ना! राजा कोण, शक कुठला, कुणी कुणाला काय दिलं, सगळं सांगून झाल्यावर मग, हे मोडशील तर याद राख. आधी माहिती, मग धमकी. आपल्या पुरातत्त्व खात्याच्या निळ्या पाटीवर बऱ्याच ठिकाणी नुसती धमकी असते, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, २०१० मधे शिक्षा वाढली, दोन वर्षं कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. कायदा हवाच, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण एसटीतून उतरलेल्या पोराला कळायला नको का, की हे राखायचं म्हणजे नक्की काय राखायचं?

एक सांगतो, थोडं लांबेल. घाटाखालच्या एका गावात स्टँडजवळ पिंपळाखाली एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यावर शेंदराचा असा थर की चित्रं बोटांनी चाचपावी लागत होती. शेजारी एक आजी भाजी घेऊन बसायच्या. मी खाली वाकलेला बघून म्हणाल्या, “मास्तर, त्यो आमचा वीर हाय. गुरं सोडवाया गेला, गुरं आली, त्यो न्हाय आला.” नाव काय म्हटलं, तर “नाव कशाला ऱ्हातंय, गुरं आली की.” मी ओला रुमाल घेऊन अगदी खालच्या पट्टीवरची माती पुसली, तर तीन गाई. शिंगं, कान, एकीची मागं वळलेली मान. त्यावर लढाई, त्यावर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, वर शिवलिंगापुढं तो हात जोडून बसलेला. आजींनी तो दगड कधी ‘वाचला’ नव्हता, आणि त्यांची गोष्ट नि दगड शब्दाला शब्द जुळत होते!

पुढं रस्ता रुंद झाला. पिंपळ गेला, वीरगळ जेसीबीनं उचलताना मधून तुटला. वरचा तुकडा कुणीतरी भक्तीनं कडेच्या चौथऱ्यावर बसवला, खालचा मोरीच्या भरावात गेला असं गावात सांगतात. मी त्या कामावरच्या माणसांकडे, मग वरच्या कचेरीत, चार वेळा गेलो. दगडाची नोंदच नव्हती, त्यामुळं तक्रार कशाची घ्यायची हेच त्यांना कळेना. आजी आता नाहीत. वरच्या तुकड्यावर फक्त पिंड दिसते, म्हणून नवी पोरं त्याला स्वयंभू महादेव म्हणतात, मनापासून हात जोडतात. त्यांना दोष नाही देत मी. पण ज्या गाईंसाठी तो माणूस मेला त्या गाई मोरीखाली आहेत, आणि त्या दिवशी माझ्याकडं कॅमेरा नव्हता हे मला आजही टोचतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत. बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ राहिले, चक्क जहाजांची लढाई कोरलीये त्यांवर, काही अभ्यासक ती शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांची मानतात, जवळ राहणाऱ्यांनी जाऊन बघाच.

तर पाटी. ती ग्रामपंचायतीनं लावावी, दगडापासून दोन पावलं लांब, दगडाला खिळा नाही, सिमेंट नाही, ऑइलपेंट तर नाहीच. उंची सातवीतल्या पोराच्या डोळ्याइतकी. सात-आठ ओळी पुरेत. दगडावर काय दिसतं ते आधी लिहा, मग गाव काय सांगतं ते वेगळं लिहा, ‘गावात असं सांगतात’ असं म्हणून. दोन्ही एकात कालवू नका. सगळ्यात मोठी चूक तिथं होते, पाचशे वर्षांचा दगड उत्साहात शिवकाळात नेऊन बसवतात. शक वाचता येत नसेल तर ‘शक झिजला आहे’ असंच लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि पाटीच्या आधी नोंद, ग्रामसभेच्या वहीत, फोटोसकट, मोजमापासकट. ती असती तर माझे चार हेलपाटे फुकट गेले नसते.

एकच अजून. सोलापूरकडं सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला शके ९४० चा लेख आहे, आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यात शेवटी येतं, ‘वाछि तो विजेया होईवा’, जो वाचील तो विजयी होईल. दगड स्वतः म्हणतोय, मला वाचा.

रविवारी सकाळी सहाला आपण सहाजण निघतोय, यायचं असेल त्यांनी खाली नाव द्या. टॉर्च आणा. पीठ, खडू काही आणू नका, दगडाला चोळायचं नाही. उजेड कमी असताना टॉर्च बाजूनं, अगदी तिरपा धरला की झिजलेलं अक्षरसुद्धा सावलीनं उठून दिसतं.