नाक्यावरचा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै १९९३ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे एक नवे खासगी रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘हजार टेकड्यांचा मुक्त रेडिओ’. सरकारी केंद्राच्या रुक्ष निवेदनांना कंटाळलेल्या लोकांना हे केंद्र आवडले, कारण तिथे चांगली गाणी वाजत आणि निवेदक शेजारी बसून गप्पा मारल्यासारखे बोलत. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९४ पासून, हेच निवेदक त्याच घरगुती आवाजात कोणाला कुठे शोधून मारायचे ते सांगू लागले. गेली कित्येक वर्षे ध्वनिक्षेपकासमोर बसताना मला या केंद्राची आठवण होते, आणि म्हणूनच आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे: शासनाने पोसलेली सशस्त्र टोळी, आणि तिच्या तावडीत सापडलेले साधे नागरिक.

रवांडा हा आफ्रिकेच्या मध्यभागातला डोंगराळ देश, आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. तिथे हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य. परंतु दोघांची भाषा एक, गावे एक, चर्च एक, आणि आपापसांत सोयरिकीही होत असत. बेल्जियमच्या वसाहती राजवटीने १९३०च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहून टाकली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही ती नोंद कोणी काढली नाही. रेशनकार्डावर नाव चुकीचे पडले तर ते दुरुस्त करताना काय हाल होतात, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला ठाऊक आहे. तिथे त्या एका शब्दावर माणसाचा जीव अवलंबून राहिला.

६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष जुवेनाल हाब्यारिमाना यांचे विमान किगालीवर पाडण्यात आले. त्यानंतरच्या सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आकड्यानुसार आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. रवांडा सरकार हा आकडा दहा लाखांच्या वर सांगते. मारले गेलेले बहुतेक तुत्सी होते, आणि त्यांच्याबरोबर या कत्तलीला विरोध करणारे अनेक हुतूही होते. अडीच ते पाच लाख स्त्रियांवर अत्याचार झाले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाने पुढे वर्तवला.

इथे मला आपल्या बातम्यांच्या भाषेविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. आपण सहज लिहितो आणि बोलतो की अमुक ठिकाणी ‘हिंसाचार उसळला’, जणू काही चुलीवरचे दूध लक्ष नसताना उतू गेले. या वाक्याला कर्ताच नसतो. रवांडामध्ये काहीही आपोआप उसळले नव्हते. सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखेला ‘इंतेराहाम्वे’ म्हणत, म्हणजे एकजुटीने चालून जाणारे. या तरुणांना लष्कराच्या छावण्यांतून प्रशिक्षण मिळाले होते. १९९३ च्या जानेवारीपासून सव्वा वर्षात पाच लाखांहून अधिक कोयते परदेशांतून मागवण्यात आले होते. कोयता शेतकऱ्याच्या घरात असतोच, आपल्याकडेही असतो. म्हणूनच ती आयात कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. ११ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे कत्तल सुरू होण्याच्या जवळजवळ तीन महिने आधी, रवांडातल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमिओ डॅलेर यांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला तार पाठवली की, या टोळीला शिकवणाऱ्यांपैकीच एका माणसाने आपल्याला माहिती दिली आहे, राजधानीतल्या तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत आणि वीस मिनिटांत हजार माणसे मारता येतील अशी त्यांची तयारी आहे. शस्त्रांचे साठे जप्त करण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती मिळाली नाही.

तेव्हा, श्रोतेहो, आजच्या भाषणातली एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा: रस्त्यावरच्या नाक्यावर कोयता घेऊन उभा असलेला तो माणूस तिथे कोणीतरी उभा केलेला होता. त्याला कोणीतरी नाका नेमून दिला होता, यादी दिली होती, आणि कामाचा शब्दही दिला होता. हो, ‘काम’ हाच शब्द. रवांडात सक्तीच्या सामूहिक श्रमदानाची पद्धत होती. रस्ते दुरुस्त करायला, रान साफ करायला गावकऱ्यांना नेमाने जावे लागे. कत्तलीच्या दिवसांत अधिकारी लोकांना ‘कामाला चला’, ‘झुडपे साफ करा’ असेच सांगत, आणि ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळत असे.

पुरावा हवा असेल तर बुतारे प्रांताकडे पाहावे. तिथला प्रांताधिकारी जाँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हा देशातला एकमेव तुत्सी प्रांताधिकारी होता. बाकी देश रक्ताने माखला असताना त्याने आपल्या प्रांतात जवळजवळ दोन आठवडे मोठी कत्तल होऊ दिली नाही. मग सरकारने त्याला पदावरून काढले, १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष तेओदोर सिंदिकुब्वाबो यांनी स्वतः बुतारेला येऊन भाषण केले, आणि त्यानंतर तिथेही संहार सुरू झाला. पुढे हाब्यालिमानालाही ठार मारण्यात आले. अधिकारी बदलला आणि कत्तल सुरू झाली, यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता?

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय मागून घेतला, तो सांगते. थोडा सविस्तर सांगते.

७ एप्रिलच्या पहाटे रवांडाच्या पंतप्रधान आगात उविलिंगियिमाना यांना रेडिओवर जायचे होते. राष्ट्राध्यक्ष मारले गेले होते, देश सैरभैर झाला होता, आणि पंतप्रधानांनी देशाशी बोलावे, लोकांना शांत राहण्यास सांगावे, असे ठरले होते. आगात या पूर्वाश्रमीच्या शिक्षिका. त्या स्वतः हुतू होत्या, पण जमातीच्या राजकारणाला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांना सुरक्षितपणे रेडिओ केंद्रावर पोहोचवण्यासाठी शांतिसेनेतले दहा बेल्जियन सैनिक त्यांच्या घरी पाठवण्यात आले. ते भाषण कधीच झाले नाही. सरकारी सैनिकांनी घराला वेढा घातला, पंतप्रधान आणि त्यांचे पती यांना ठार मारले, आणि त्या दहा बेल्जियन सैनिकांना लष्करी तळावर नेऊन त्यांचीही हत्या केली. त्या सकाळी त्या ध्वनिक्षेपकासमोर बसू शकल्या असत्या, तर काय झाले असते, ते कोणी सांगू शकत नाही. परंतु एका देशात एक आवाज रेडिओपर्यंत पोहोचू दिला जात नाही आणि दुसरा आवाज दिवसरात्र मोकाट सुटलेला असतो, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

पंतप्रधानांची पाच मुले शेजारच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या निवासी आवारात लपली होती. तिथे एक सेनेगली अधिकारी येऊन पोहोचला. कॅप्टन म्बाये दियान. छत्तीस वर्षांचा, उंच, हसतमुख, घरी पत्नी आणि दोन लहान मुले. तो संयुक्त राष्ट्रसंघाचा लष्करी निरीक्षक होता, म्हणजे त्याने फक्त पाहायचे आणि कळवायचे. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. नागरिकांना सोडवून आणण्याचा त्याला आदेशही नव्हता. त्याने त्या पाचही मुलांना आपल्या गाडीत पांघरुणाखाली लपवले आणि रस्त्यावरून हॉटेल मिल कोलिनमध्ये नेऊन पोहोचवले. ती मुले पुढे देशाबाहेर सुखरूप गेली.

एवढे करून तो थांबला नाही. पुढचे जवळजवळ आठ आठवडे तो हेच करत राहिला. एका वेळी तीन माणसे, चार माणसे, गाडीत मावतील तेवढी. कोणाच्या माळ्यावर कोणी दडले आहे असे कळले की तो निघायचा. श्रोतेहो, हे ऐकायला सोपे वाटते, पण मध्ये नाके होते. शहरात जागोजागी रस्त्यावर ओंडके, खोकी, जे सापडेल ते टाकून नाके उभारलेले, आणि प्रत्येक नाक्यावर इंतेराहाम्वेचे तरुण, बऱ्याचदा दारूच्या नशेत, हातांत कोयते, खिळे ठोकलेले दंडुके आणि हातबॉम्ब. तिथे ओळखपत्र दाखवायचे. त्यावर ‘तुत्सी’ लिहिलेले असले तर प्रवास तिथेच संपला. ओळखपत्र नसले तरीही बहुधा तोच शेवट.

म्बायेचे हत्यार काय होते, तर सिगारेटची पाकिटे आणि विनोद. तो त्या नाक्यावरच्या पोरांना नावानिशी ओळखू लागला. गाडी थांबली की खिडकीतून सिगारेट पुढे करायची, कोणाची चौकशी करायची, काहीतरी गंमत सांगून हसवायचे, आणि हसता हसता गाडी पुढे काढायची. मागे पांघरुणाखाली माणसे श्वास रोखून पडलेली असत.

एक दिवस त्याच्या गाडीत बीबीसीचे वार्ताहर मार्क डॉइल बसले होते. नाक्यावर एक जण खिडकीशी आला, हातात हातबॉम्ब, आणि डॉइलकडे रोखून पाहत विचारू लागला की, हा गोरा बेल्जियन आहे का. हा प्रश्न कुठून आला? तो आला त्या रेडिओवरून. राष्ट्राध्यक्षांचे विमान बेल्जियमने पाडले, असे ते हजार टेकड्यांचे केंद्र सतत सांगत होते. नाक्यावरच्या त्या पोराने बेल्जियम कधी पाहिला नव्हता. त्याने फक्त रेडिओ ऐकला होता. ‘हो’ म्हटले असते तर मरण होते, आणि ‘नाही’ म्हटले तरी त्याने विश्वास ठेवला असताच असे नाही. म्बायेने क्षणभरही विचार केला नाही. तो मोठ्याने म्हणाला की बेल्जियन तो नव्हे, बेल्जियन मी आहे, बघ, काळा बेल्जियन! सेनेगलचा हा काळाकभिन्न, धिप्पाड माणूस स्वतःला बेल्जियन म्हणवतो आहे, हे पाहून त्या पोराचा ताण सुटला, आणि म्बायेने लगेच बोलण्याचा सूर बदलून गाडी पुढे नेली.

मी हा प्रसंग अनेकदा सांगितला आहे आणि दर वेळी माझे लक्ष वेगळ्या जागी जाते. आधी ते म्बायेच्या प्रसंगावधानाकडे जायचे. अलीकडे ते त्या नाक्यावरच्या पोराकडे जाते. तो हसू शकत होता. एका विनोदाने त्याचा हात खाली आला. त्याच्या जमातीच्या रक्तातच द्वेष होता, असे जे म्हणतात त्यांनी या हसण्याचे उत्तर द्यावे. तो माणूस तिथे कोणीतरी उभा केलेला होता, त्याच्या तोंडी प्रश्नही कोणीतरी घातलेला होता. त्याने केलेल्या हत्यांची जबाबदारी त्याचीच आहे. परंतु ज्यांनी त्याला नाका, कोयता आणि प्रश्न दिला, त्यांची जबाबदारी त्याने झाकली जात नाही. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. निजामाच्या राजवटीत रझाकार आले की पोलिसांकडे जाऊन काही उपयोग नसे, हे त्यांनी १९४८ मध्ये अनुभवले आहे. रवांडाच्या संहाराशी त्याची तुलना मी करत नाही, आणि त्या संघटनेच्या नावाने एखाद्या समाजाकडे बोट दाखवणेही मला मान्य नाही. परंतु लुटणारा आणि राखणारा एकाच बाजूला उभे राहिले की सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरत नाही, ही असहायता दोन्हीकडे तीच.

याच काळात जगाने काय केले, ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखे फार थोडे आहे. दहा सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने आपली तुकडी मागे घेतली. ११ एप्रिलला किगालीतल्या एका तांत्रिक शाळेतून बेल्जियन सैनिक निघून गेले, आणि त्यांच्या भरवशावर तिथे आसरा घेतलेल्या सुमारे दोन हजार लोकांची त्याच दिवशी कत्तल झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. कत्तल थांबली ती रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट या सरकारविरुद्ध लढणाऱ्या, मुख्यतः तुत्सींच्या बंडखोर संघटनेच्या सैन्याने जुलैमध्ये देश ताब्यात घेतल्यावर. टांझानियातल्या अरुशा येथील, रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी जाँ-पोल अकायेसू या माजी महापौराला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या गुन्ह्यासाठी दिलेला तो पहिला निकाल, आणि स्त्रियांवरील बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन असू शकते, हे त्यातच प्रथम मान्य झाले. डिसेंबर २००३ मध्ये त्या रेडिओ केंद्राच्या दोन संस्थापकांना शिक्षा झाल्या. त्यांनी स्वतः कोयता उचलला नव्हता. केंद्राला पैसा पुरवल्याचा आरोप असलेला फेलिसियाँ काबुगा मे २०२० मध्ये पॅरिसजवळ पकडला गेला, पण स्मृतिभ्रंशामुळे तो खटल्याला उभा राहू शकणार नाही, असे २०२३ मध्ये ठरले.

म्बायेची गोष्ट पुरी करायची राहिली. ३१ मे १९९४ रोजी तो रवांडाच्या सेनाप्रमुखांकडून जनरल डॅलेर यांच्यासाठी निरोप घेऊन एकटाच गाडीने परत येत होता. एका नाक्यावर त्याची गाडी थांबली. टोळीतल्या कोणी त्याला मारले नाही. नाक्याच्या दिशेने सुटलेला एक तोफगोळा गाडीमागे पडला आणि त्याची कपची काच फोडून त्याला लागली. त्या दिवशी गाडीत दुसरे कोणी नव्हते. त्याने वाचवलेल्यांचा नेमका हिशोब कोणी ठेवला नाही. ती शेकडो माणसे होती.

मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने असामान्य धैर्यासाठी त्याच्या नावाने एक पदक सुरू केले. दोन वर्षांनी त्यातले पहिले पदक न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पत्नीच्या हाती देण्यात आले. त्याची दोन्ही मुले तिच्या शेजारी होती. वडील गेले तेव्हा ती अगदी लहान होती.