आप्पा कोइमतूरला, ग्रामसभा मारुतीच्या देवळात

नमस्कार मंडळी. आवाज येतोय ना? आधीच विचारून घेतो, कारण आजचा सगळा विषय ह्या एका प्रश्नावर अडलेला आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, विट्यापासून थोडं आत. आमच्याकडं घरं मोठी आणि दाराला कुलपं त्याहून मोठी. अर्धं गाव गलाईला असतं. ज्यांनी हा शब्द ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम म्हणजे गलाई. खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या भागातली माणसं दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि ह्या कामावर देशभर पसरली. गावाला येतात ती यात्रेला, लग्नाला आणि मतदानाला. ग्रामसभेला म्हणाल, तर तिथं गावात राहणारासुद्धा येत नाही, बाहेरच्याचं काय घेऊन बसलाय.

तर माझे चुलते, आप्पा, कोइमतूरला असतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी त्यांचा फोन आला. "गल्लीच्या गटारीचं मी स्वतः विचारणार. तू फक्त फोन धर."

मी धरला. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली, माणसं मारुतीच्या देवळात येऊन बसली. चाळीस असतील, वर सात-आठ पोरं, जिलेबीची. फोन तांब्याला टेकवून ठेवला. वर पंखा खडखडतोय, शेजारी लाऊडस्पीकरचा माईक. आप्पांनी तोंड उघडलं आणि स्पीकरनं अशी कुई मारली की देवळाबाहेरचं कुत्रं उठून गेलं. सरपंच तसे समंजस, म्हणाले, "बोला आप्पा, ऐकतोय." आप्पा बोलले. निम्मं पोचलं, निम्मं वाटेत राहिलं. "गटार", "दोन वर्षं" आणि "पैसं" एवढे तीन शब्द मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आले.

मी म्हणालो, "हे प्रोसिडिंगला घ्या."

ग्रामसेवकांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. "घेतो की. पण ह्यांची सही कुठं घेऊ?"

(रजिस्टर उघडून कॅमेऱ्याला दाखवायचं. कोरं, दुकानातनं आणलेलं.)

आजचा विषय हा. नेट, रेंज, ॲप ह्या पुढच्या गोष्टी. आधी सही.

बघा, आप्पा ग्रामसभेचे सभासद आहेत का? आहेत. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, आणि गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सभासद, हे तिनं थेट राज्यघटनेतच लिहून ठेवलं. तिथं कुणाला निवडून यावं लागत नाही. आपल्या सांगलीच्या महासभेत नगरसेवक बोलतात आणि आपण बाहेर बसतो. ग्रामसभेत तुम्ही-आम्हीच सभागृह. आप्पांचं नाव यादीत आहे, म्हणजे ते आत आहेत.

पण हजर आहेत का? इथं गाडी अडते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, कोरम म्हणतो आपण. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, ह्यांत जे कमी असेल ते. पाचशे मतदारांचं गाव असेल तर 75 माणूस पाहिजे. दोन हजारांचं असलं तरी 100 बास. आणि 100 जमले की नाही, हे ठरतं रजिस्टरवरच्या सह्यांवरून. ग्रामपंचायतीचा कायदा 1958 चा. त्या वेळी परगावच्या माणसाशी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायला लागायचं. फोनवरचा माणूस हजर धरायचा का, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात तरी कशाला येईल?

आता गंमत ऐका. देवळात चाळीस माणूस होतं, पण सह्या शंभराच्या वर भरल्या. कशा? रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर फिरलं. हे आमच्याच गावात होतं असं समजू नका, कमेंटमध्ये तुमचं सांगा. म्हणजे जो आलाच नाही त्याची सही चालते, आणि जो फोनवर घसा कोरडा करून बोलला त्याची जागा नाही. मला राग आला तो ह्याचा. कोरम भरला नाही तर सभा तहकूब करायची सोय कायद्यात आहे, तहकूब सभेला कोरम लागत नाही. सरळ वाट असताना रजिस्टर फिरवायची हौस कशाला, कळत नाही.

दुसरीकडं काय चाललंय? कंपनी कायदा 2013 चा. त्यात संचालक व्हिडिओवरून बैठकीला बसला तर तो हजर, कोरममध्येसुद्धा धरला जातो. कोरोनात आपल्याकडं ग्रामसभा थांबल्या, पुढं काही ऑनलाइन झाल्या. महापालिकांच्या महासभा पडद्यावर झाल्या. साखर कारखान्यांच्या वार्षिक सभासुद्धा झाल्या, आणि त्या तुम्ही विसरला नसाल. एरवी मंडपात "मंजूर, मंजूर" चालू असताना निदान चार जण उठून "नामंजूर" ओरडायचे, माईक हिसकावायचे. ऑनलाइनला सभासदाची तक्रार एकच: आमचा आवाज बंद ठेवला.

म्हणून मी म्हणतो, म्यूटचं बटण कुणाच्या हातात, हे आधी ठरवा.

हे फक्त आपलं दुखणं नाही. इंग्लंडमध्ये हँडफर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या पंचायतीची डिसेंबर 2020 ची झूमवरची सभा पुढं जगभर पाहिली गेली, कारण सभा चालवायला आलेल्या बाईंनी चालू सभेतून अध्यक्षांनाच बाहेर काढलं. एक बटण दाबलं, झालं! आपल्याकडं हे अधिकार व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला आहेत, आणि तो कसा वागतो ते आपण जाणतो. पुढं तिथं ऑनलाइन सभांची खास परवानगी 7 मे 2021 ला संपली. त्याआधी हायकोर्टानं सांगितलं होतं की जुन्या कायद्यातली सभा म्हणजे माणसं एका जागी जमली पाहिजेत. शेजारच्या वेल्सनं मात्र त्याच वर्षी कायदा करून घरून सामील व्हायची सोय कायम केली. आपला ग्रामसेवक कोइमतूरच्या सहीवर अडतो, त्यांचं कोर्ट 'सभा' ह्या शब्दावर अडलं. दोन्हीकडं गाठ कायद्याचीच.

माझं मत विचाराल, तर ऐकायला सगळ्यांना सोय द्या. यादीत नाव असेल त्याला बोलू द्या, मग तो कुठं का असेना. हात वर करायचा हक्क मात्र तूर्त देवळात बसलेल्यांकडं राहू दे. ज्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तो नळ कुठं बसवायचा हे रोज घागर घेऊन थांबणारीला ठरवू दे. आप्पांना हे पटत नाही. ते म्हणतात, "घरपट्टी भरताना मी गावातला, आणि हात वर करताना परगावचा व्हय?" ह्याला माझ्याकडं उत्तर नाही.

अजून एक. "बायकांनी घरी बसूनच मोबाईलवर बघावं, सोय झाली की," असं एक जण म्हणाला. नको. महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते, ती घ्या, आणि मग बायका देवळात पुढच्या रांगेत बसू द्या. लांब असणाऱ्याची सोय जवळच्याला घरात कोंडायला वापरू नका.

आता करायचं काय. फोनचा आवाज लाऊडस्पीकरच्या माईकसमोर धरू नका, कुई येणारच. फोनमधून वायर काढून थेट ॲम्प्लिफायरला जोडा, मंडपवाल्याकडं असते ती. गावातल्या बोलणाऱ्यासाठी माईक हातोहात फिरवा, नाहीतर पलीकडच्याला फक्त पंखा ऐकू जातो. लिंक नोटीसवरच छापा. रेकॉर्डिंग ठेवा. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयानं ऑगस्ट 2025 मध्ये 'सभासार' आणलंय, ते रेकॉर्डिंगवरून सभेचं इतिवृत्त तयार करतं. आमच्या गावची "आरं बस की गप" ही सूचना ते कुठल्या विषयाखाली घेतंय, बघायचंय.

आणि सगळ्यात खात्रीचं ते जुनंच. आप्पांनी 2 ऑक्टोबरच्या सभेसाठी प्रश्न कागदावर लिहिला. खाली नाव, मतदार यादीतला अनुक्रमांक, सही. तो कागद कुरियरनं आला, मी ग्रामपंचायतीत दिला आणि शिक्का मारून पोच घेतली. पोच सोडू नका. सभेत अर्ज वाचला गेला, फोन वायरनं जोडलेला होता, आप्पा दोन मिनिटं बोलले आणि ह्या वेळी सगळं ऐकू आलं. प्रोसिडिंगला विषय लागला. गटारीचं अंदाजपत्रक नव्यानं करायचं ठरलंय, म्हणजे गटार अजून कागदावरच आहे.

मी नक्कल मागून घेतली आणि फोटो काढून कोइमतूरला पाठवला. दहा मिनिटांनी आप्पांचा व्हॉइस मेसेज आला: "आरं, अक्षर कुणाचं हाय हे? गटार म्हणून लिवलंय का गटाळ?"