चुंबक सुटतं तेव्हा

(दृश्य: कमी उजेड. बटण दाबल्याचा आवाज. पारदर्शक नळीत तांबूस द्रव चढू लागतो, अर्ध्यावर थांबतो, तिथेच थरथरत राहतो.)

निवेदन:

मोटर फिरतेय. आवाज येतोय. पण नळीतलं काही पुढे सरकत नाही.

घरी बिअर करणाऱ्याला हा आवाज दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो. थोडा कोरडा, थोडा खडखडीत. पंपाने हवा धरलीय. पातेल्यात 25 लिटर वॉर्ट आहे, म्हणजे माल्ट, मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस. तो उकळतोय, आणि पुढच्या 10 मिनिटांत तो थंड व्हायला लागला पाहिजे. अशा वेळी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे पंपाला शिव्या घालतो.

शिव्या बहुतेक वेळा चुकीच्या पत्त्यावर जातात.

(दृश्य: टेबलावर मांडलेले चार-पाच पंप. कॅमेरा एकेकाच्या लेबलवरून सरकतो.)

पंप घ्यायला निघालेला प्रत्येक जण विचारतो, हा मिनिटाला किती लिटर फेकतो? मीही तेच विचारलं होतं. आज माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा बंद पडेल तेव्हा कसा बंद पडेल? कारण पंप अडणार आहेच. कधी माल्टची टरफलं येतील, कधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा चोथा, कधी हवा, कधी आपणच झडप उघडायला विसरू. अडल्यावर जो फक्त थांबतो तो एक पंप. अडल्यावर जो मोटर जाळतो, गळतो किंवा वॉर्टमध्ये काहीतरी सोडतो, तो दुसरा. दोघांच्या लेबलवर लिटरचा आकडा एकच असू शकतो.

(दृश्य: पातेल्यातून वाफ. जाळीवर भिजलेलं माल्ट.)

आधी हे यंत्र करतं काय, ते बघू. भरडलेलं माल्ट साधारण 65 ते 68 अंशांच्या पाण्यात तासभर भिजतं. त्या वेळात पंप खालून रस काढून वरून पुन्हा माल्टवर सोडत राहतो, म्हणजे तापमान सगळीकडे सारखं राहतं आणि रस गाळला जाऊन नितळ होतो. मग साधारण 76 अंशांच्या पाण्याने माल्ट धुतलं जातं. ते पाणीही पंपच आणतो. त्यानंतर तासभर उकळी, हॉप्स, आणि शेवटी तोच 100 अंशांचा रस शीतकाच्या नळ्यांमधून फिरवून 20 अंशांच्या आसपास आणायचा. सकाळपासून एकाच पंपाकडून आपण तीन-चार नोकऱ्या करून घेतो.

हे सगळं पंपाशिवायही होतं, तेही सांगितलं पाहिजे. तीन भांडी एकावर एक उंचीने ठेवा, बाकीचं गुरुत्वाकर्षण बघतं. फक्त उकळत्या पाण्याचं जड भांडं डोक्याच्या उंचीवर ठेवावं लागतं. पिशवीत माल्ट भिजवून ती उचलून निथळणाऱ्यांनाही पंप लागत नाही. घाईने पंप घेण्याची गरज नाही. पण घ्यायचाच, तर त्याचं पोट उघडून बघू.

(दृश्य: चार स्क्रू सुटतात. पंपाचं डोकं मोटरपासून वेगळं होतं. आत पात्यांची चकती.)

ही चकती म्हणजे इम्पेलर. ती फिरते, द्रव मधून आत येतो आणि कडेने बाहेर फेकला जातो. पात्यांचा बाक नीट बघा. 1851 मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड या इंग्रज अभियंत्याने वक्र पात्यांचा पंप मांडला आणि सरळ पात्यांचे पंप त्याच्यापुढे फार मागे पडले. आपल्या तळहातावर मावणाऱ्या या चकतीचं घराणं ते.

आता चकतीच्या मागे बघा. मोटरचा दांडा आत येतच नाही. मोटरच्या टोकाला एक चुंबक, चकतीत दुसरं चुंबक, आणि मधे सलग भिंत. बाहेरचं चुंबक फिरलं की आतलं त्याच्या मागोमाग फिरतं. भिंतीला भोक नाही, म्हणून दांड्याभोवती सील नाही, आणि सील नाही म्हणून ते झिजून गळणंही नाही.

(क्षणभर शांतता. मग मुद्दाम चकतीत अडकवलेला लाकडी तुकडा. मोटर सुरू. टकटक आवाज.)

आणि हे बघा. चकती अडकली, पण मोटर फिरतेच आहे. दोन चुंबकांची पकड सुटली. मोटर बंद करा, अडकलेलं काढा, पुन्हा सुरू करा. चुंबकं पुन्हा एकमेकांना धरतात. मला विचाराल तर घरच्या कामाला चुंबकी पंपच घ्यावा, आणि त्याचं कारण हा टकटक आवाज.

दांड्याला सील असलेला पंप वाईट असतो असं नाही. मोठ्या कारखान्यांत तसे पंप असतात, त्यांची देखभाल करणारी माणसंही असतात. माझ्याकडे होता तो भलताच होता. विक्रेत्याला विचारलं, गरम चालेल का? तो म्हणाला, चालेल की, गरम पाण्याचाच आहे. 65 अंशांना त्याने तासभर सुरेख काम केलं. उकळता रस आला आणि मागच्या बाजूने आधी थेंब, मग धार, आणि त्या धारेत काळपट कण. म्हणजे सील बाहेर येत होतं, तसं आतही जात असणार. ती सगळी बॅच ओतून टाकली. चूक माझीही होती. 'गरम' म्हणजे किती, हे मी विचारलंच नव्हतं. अंघोळीचं पाणीही गरमच असतं.

म्हणून तापमानाचा आकडा लिहिलेला असला पाहिजे, तोही द्रवाच्या तापमानाचा आणि 100च्या वर थोडी जागा ठेवणारा. या कामासाठी नाव कमावलेल्या मार्च 809 या पंपाची उष्णता सोसणारी आवृत्ती 121 अंशांपर्यंतची मानली जाते. त्यामुळे उकळीला ती बिचकत नाही. मत्स्यपेटीचा पंप, धुण्याच्या यंत्रातला पंप, कारंज्याचा पंप यांना इथे बोलावू नका. शीतकातून बर्फाचं पाणी फिरवायला ते जरूर वापरा. तिथे ते पाणी कोणी पिणार नसतं.

(दृश्य: दोन डोकी शेजारी शेजारी. एक चकचकीत स्टीलचं, एक मधाच्या रंगाच्या प्लास्टिकचं.)

हे मधाच्या रंगाचं प्लास्टिक म्हणजे पॉलीसल्फोन. दिसायला नाजूक, पण उकळत्या पाण्याला ते सहज पुरून उरतं. त्याचा कमजोर भाग म्हणजे आटे. धातूचा जोड पाना लावून जोरात आवळला की आटे सोलतात किंवा डोक्याला चीर जाते. स्टील जड आणि महाग, पण उघडझाप सोसतं. मी स्टील घेईन ते एवढ्यासाठीच. बिअरच्या चवीसाठी नव्हे.

आट्यांवरून एक गंमत. अर्ध्या इंचाच्या जोडांची दोन घराणी आहेत, अमेरिकी एनपीटी आणि ब्रिटिश बीएसपी. दोघांचे आटे इंचाला 14. त्यामुळे एकाचा जोड दुसऱ्यात दोन-तीन फेरे अगदी शहाण्यासारखा जातो. पण एकाच्या आट्याचा कोन 60 अंश आणि दुसऱ्याचा 55. मग कितीही टेप गुंडाळा, ठिबकणं थांबत नाही. पंप, झडप आणि जोड घेताना घराणं एकच आहे ना, हे विचारून घ्या. नंतर विचारायची वेळ येते तेव्हा फरशी चिकट झालेली असते.

(दृश्य: कागदावर हाताने काढलेला आलेख. उतरती रेघ.)

आता लेबलवरचा लिटरचा आकडा. समजा लिहिलंय, मिनिटाला 25 लिटर, उंची 4 मीटर. वाचणाऱ्याला वाटतं, हा 4 मीटर वर 25 लिटर चढवेल. तसं होत नाही. 25 लिटर हा शून्य उंचीवरचा प्रवाह, आणि 4 मीटर ही अशी उंची जिथे प्रवाह शून्य होतो. आपलं काम या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतं. नळीची लांबी, कोपरे, अरुंद जोड, शीतकाच्या बारीक नळ्या, सगळे आपापला वाटा काढून घेतात. म्हणून निर्मात्याने आलेख दिलेला पंप मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पण जास्त लिटर म्हणजे जास्त चांगलं, हेही खरं नाही. माल्टमधून रस जोरात ओढला की दाणे जाळीवर दबून बसतात, थर घट्ट होतो, आणि मग एक थेंबही उतरत नाही. 25 लिटरच्या बॅचला माल्टवरून मिनिटाला चार-पाच लिटर फिरले तरी भरपूर. म्हणजे घेतलेला प्रत्येक पंप आपण आवरूनच वापरणार. आवरायचा कसा, ते महत्त्वाचं.

विजेच्या थेट जोडणीवर चालणाऱ्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावून वेग कमी करायला जाऊ नका, ती तापते. तिला आवरायचं बाहेर जाणाऱ्या बाजूच्या झडपेने. झडप अर्धी मिटली तरी या पंपांना त्रास होत नाही. 12 किंवा 24 व्होल्टच्या छोट्या ब्रशविरहित पंपांचा वेग मात्र नियंत्रकाने उतरवता येतो, आणि नवशिक्याला मी बहुतेक तोच सुचवतो. एक हिशोब लक्षात असू द्या: वेग निम्मा केला की प्रवाह साधारण निम्मा होतो, पण द्रव चढवण्याची उंची चौथाईवर येते. मग लोक म्हणतात, पंप मेला. तो मेलेला नसतो, आपणच त्याची शिडी काढून घेतलेली असते.

(दृश्य: पुन्हा सुरुवातीची नळी. थरथरणारा द्रव.)

आता या थांबलेल्या नळीकडे परत.

हा पंप द्रव ढकलतो, पण खालून स्वतःहून वर ओढून घेत नाही. त्याच्या डोक्यात हवा असेल तर पाती हवाच घुसळतात. म्हणून तो भांड्याच्या खाली ठेवायचा, जितका खाली तितका बरा. डोकं असं फिरवून बसवायचं की बाहेर जाणारं तोंड वर येईल, म्हणजे हवेला वर निघायला वाट मिळते. आधी भांड्याची झडप पूर्ण उघडायची, द्रव स्वतःच्या वजनाने पंपातून वर येऊ द्यायचा, आणि मगच बटण दाबायचं. कोरडा फिरवला तर आतल्या बुशला, म्हणजे चकती जिच्यावर फिरते त्या नळकांडीला, ना वंगण मिळतं ना गारवा, कारण या पंपात ही दोन्ही कामं द्रवच करतो. काही सेकंद तो सोसतो. फोन घ्यायला गेलात, तर नाही.

हवा काढली, तरीही उकळीला पंप खडखडतो. का?

उकळणारा द्रव वाफ व्हायला टेकलेलाच असतो. चकतीच्या तोंडाशी दाब जरा घटला की तिथेच बुडबुडे होतात, आणि पाती पुन्हा काही न धरता फिरतात. 66 अंशांच्या पाण्याचा वाफदाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण चौथाई असतो, म्हणून माल्ट भिजताना पंपाला भरपूर सूट मिळते. 100 अंशांना ही सूट शून्य. तिथे पंपाच्या बाजूने उभा राहतो तो फक्त वरच्या द्रवाच्या उंचीचा दाब, आणि एक मीटर उंचीमागे तो वातावरणाच्या जेमतेम दहावा भाग भरतो. त्यात आत येणाऱ्या बाजूला बारीक नळी, अर्धवट उघडी झडप किंवा चोथ्याने बुजलेली जाळी असली, की तोही खर्च होतो.

आणि नेमकी याच वेळी आपल्याला पंप हवा असतो. उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत तोच रस पंप आणि शीतकातून फिरवला की नळ्या आतून निर्जंतुक होतात. उपाय साधा आहे. आत येणारी नळी आखूड आणि रुंद ठेवायची. त्या बाजूची झडप कधी आवरायची नाही. आच घटकाभर कमी करायची, खळखळ बसू द्यायची, मग पंप सुरू करायचा. चार-पाच अंश उतरले तरी चित्र बदलतं.

(नळीतला द्रव हलतो. वर चढतो. आवाज भरीव होतो.)

ऐकलंत? आवाज जाड झाला.

(दृश्य: भिंतीवरचा विजेचा बोर्ड. पंपाची वायर आधी खाली झुकते, मग वर जाते.)

विजेचं थोडक्यात: 30 मिलिअँपिअरचं गळती-संरक्षण असलेल्या जोडणीशिवाय ओल्या जागेत मोटर लावायची नाही. वायरला बोर्डापाशी पोचण्याआधी एक झोल द्यायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकतं, बोर्डात जात नाही. नळ्यांच्या पट्ट्या दर वेळी तपासायच्या. उकळता वॉर्ट पाण्यासारखा ओघळून जात नाही, साखरेने कातडीला चिकटतो.

आंबलेली, तयार बिअर या पंपातून नेऊ नका, असं माझं मत. एखादा जोड किंचित सैल असला तर आत येणारी बाजू गुपचूप हवा ओढते, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि बिअर काही आठवड्यांत पुठ्ठ्यासारखी लागते. तिच्यासाठी उतार किंवा कार्बन डायऑक्साइडचा दाब बरा.

(दृश्य: संध्याकाळ. भांडी धुऊन पालथी घातलेली. पंपाचं डोकं पुन्हा उघडलं जातं.)

दिवस संपला. गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट ही धुण्याची पूड घालून ते 20 मिनिटं फिरवलं, मग साधं पाणी. बहुतेक जण इथे थांबतात. पण चार स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतात, म्हणून पंप घेताना मी दुकानातच ते स्क्रू काढून बघतो. चकती ओढली की निघते ना? ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, सुटी मिळते ना? चकती सुटी मिळते ना? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर मी पंप परत ठेवतो.

(दृश्य: दोन बोटं चकती बाहेर काढतात. तिच्या मागे, चुंबकाला चिकटून, हॉप्सचं एक हिरवट पान आणि माल्टचं टरफल.)

20 मिनिटांच्या धुण्यानंतरही हे इथेच होतं.

(बोटं पान उचलतात. नळाखाली चकती. पाण्याचा आवाज.)