फाटक मोडीत काढण्याआधी

[दृश्य: गिरगावातली गल्ली. जुन्या इमारतीचं दोन झडपांचं लोखंडी फाटक. एक झडप फरशीवर घासत उघडते.]

झडप किंचित वर उचलायची आणि मग ढकलायची. या इमारतीत वाढलेल्या प्रत्येकाच्या हाताला ही सवय लागलेली आहे. फरशीवर उमटलेला अर्धगोल चर सांगतो की सवय बरीच जुनी आहे.

अशी फाटकं अजून पुष्कळ उभी आहेत. गिरगाव-दादरच्या इमारतींना, पारशी बागांना, फोर्टमधल्या जुन्या पेढ्यांना, पुण्याच्या कॅम्पातल्या बंगल्यांना. सोसायटीच्या सभेत त्यांचा विषय निघाला की सहसा दोनच सूचना येतात. वेल्डिंगवाल्याला बोलवून चार टाके मारून घ्या, नाहीतर भंगारात घाला आणि नवं बसवा. भंगाराचा भाव किलोवर ठरतो, तिथे नक्षीचे पैसे मिळत नाहीत. पण या फाटकांना तिसरा मार्ग असतो, तुकडे सुटे करून दुरुस्त करण्याचा. तो सावकाशीचा आहे, आणि ज्यांनी फाटक घडवलं त्यांनीच तो मोकळा ठेवला आहे.

[दृश्य: जवळून. गज, आडवी पट्टी, नक्षीच्या वळणावरचं कडं.]

नीट पाहा, इथे कुठेही वेल्डिंग नाही. उभ्या गजाचं टोक बारीक करून आडव्या पट्टीच्या भोकातून आरपार नेलं आहे आणि पलीकडून ठोकून त्याचं बोंड केलं आहे. नक्षीची दोन वळणं जिथे एकमेकांना टेकतात, तिथे एक अरुंद पट्टी तापवून त्यांच्याभोवती गुंडाळली आहे. थंड होताना ती आकसली आणि दोघांना आवळून बसली. हेच ते कडं. उरलेल्या ठिकाणी रिव्हेट, म्हणजे आरपार घालून दोन्हीकडून ठोकलेला खिळा. म्हणजे फाटक तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं आहे, तसंच ते उघडताही येतं. बोंड घासायचं, रिव्हेटचं डोकं उडवायचं, मागून सुंबा, म्हणजे बोथट टोकाचं लोखंडी हत्यार, लावून ठोकायचं, की तेवढाच एक गज सुटून हातात येतो. शेजारच्या गजाला धक्का लागत नाही.

[दृश्य: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, मग आतले कठडे आणि जाळ्या.]

मुंबईला या कामाची स्वतःची परंपरा आहे. सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि १८६६ मध्ये तिथे तीन कार्यशाळा निघाल्या. एक सजावटीच्या चित्रकलेची, एक मूर्तिकामाची आणि तिसरी नक्षीदार घडीव लोखंडाची. पुढे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ पासून दहा वर्षांत बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभं राहिलं. तिथले लोखंडी आणि पितळी कठडे, तिकीटघराच्या जाळ्या, मोठ्या जिन्याचा कठडा, ही सगळी कामं याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची. ग्रिफिथ्स आणि किपलिंग या शिक्षकांची नावं चित्रं आणि शिल्पांमुळे पुस्तकांत राहिली. लोखंडाच्या कार्यशाळेतल्या मुलांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही, आणि त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्यांचं काम तर रोज लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

[दृश्य: कारखाना. फाटकाची झडप उतरवून आधाराच्या घोड्यांवर आडवी ठेवली आहे. कारागीर खडूने खुणा करतो.]

आता आपल्या झडपेकडे येऊ. सुटा होणारा प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्यावर खूण केली जाते आणि फोटो घेतला जातो. हाताने घडवलेल्या कामात दोन गज अगदी सारखे नसतात. डावीकडचा उजवीकडे गेला तर भोकं जुळत नाहीत.

मग धातू ओळखायचा. एकाच फाटकात तीन तऱ्हेचं लोखंड निघू शकतं. गज आणि पट्ट्या घडीव लोखंडाच्या, गजांवरची भाल्याची टोकं आणि मधली फुलं बऱ्याचदा साच्यात ओतलेल्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. मधल्या काळात कुणी डागडुजी केली असेल, तर तेवढा भाग माइल्ड स्टीलचा, म्हणजे बाजारातल्या भाषेत एमएसचा.

घडीव लोखंडात कार्बन नावालाच, ०.१ टक्क्याहून कमी. पण ते तयार होताना भट्टीतली थोडी मळी आत राहते आणि घडवताना लांबत जाऊन तिचे तंतू होतात. असा गज खाच पाडून वाकवला तर तो ओल्या फांदीसारखा चिरफळ्या काढत मोडतो. बिडात कार्बन २ टक्क्यांच्या वर. ते घाव सोसत नाही, तडकतं. अनुभवी कारागीर मागच्या बाजूला, नजरेत न येणाऱ्या जागी, क्षणभर ग्राइंडर टेकवतो आणि ठिणग्या पाहतो. लांब, सरळ, फारसे फाटे नसलेल्या ठिणग्या घडीव लोखंडाच्या. टोकाशी फाटे फुटले तर एमएस. आखूड आणि मंद लाल असल्या तर बीड. हे एवढं पाहिल्याशिवाय जो कामाला हात घालतो, त्याच्या हाती फाटक देऊ नये.

कारण यातलं घडीव लोखंड आता मोठ्या प्रमाणावर कुठेच तयार होत नाही. हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये ते भट्टीत ढवळून बनवण्याची पद्धत काढली, १८५६ मध्ये बेसेमरच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झालं, आणि मग हळूहळू एकेक भट्टी विझली. ब्रिटनमध्ये बोल्टन इथला शेवटचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला. आज बदली गज हवा असेल तर तो पाडलेल्या जुन्या इमारतीतून निघालेलाच शोधावा लागतो. नाही मिळाला तर एमएस वापरतात. त्यात गैर काही नाही, फक्त काय कुठे वापरलं ते लिहून ठेवायला हवं.

[दृश्य: कड्याखालून गंजाचे पापुद्रे निघतात. वाकलेला गज.]

हा गज कुणी धक्का मारून वाकवलेला नाही. गंजाने वाकवला आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कित्येक पट जागा मागतो. कड्याच्या आत, दोन पट्ट्यांच्या फटीत तो साचत जातो, आणि त्याचा दाब एवढा असतो की रिव्हेट ताणली जाते, बिडाचं फूल मधोमध तडकतं. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि बारा महिने खारी हवा. वरचा रंग चकचकीत दिसत असताना आतला सांधा फुगत असतो. तेव्हा फाटक तपासताना मोकळ्या गजांकडे कमी आणि जिथे दोन तुकडे एकमेकांना टेकतात तिथे जास्त बघा.

दगडी खांबाचंही तेच. जुने लोक दगडात भोक पाडून त्यात लोखंड बसवायचे आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. शिसं मऊ, थोडी हालचाल सोसणारं. पुढे कुणीतरी ते काढून सिमेंट भरतं, त्याला बारीक भेग जाते, पाणी आत शिरतं, आणि काही पावसाळ्यांनी खांबाचा कोपरा तुटून पडतो.

[दृश्य: भट्टी पेटली आहे. गज पिवळा होऊन बाहेर येतो. एक जण सांडशीने धरतो, दुसरा घण मारतो.]

वाकलेला गज सरळ करायचा तर भट्टी हवीच. घडीव लोखंड चांगलं पिवळं होईपर्यंत तापवावं लागतं. नुसतं लालसर असताना घाव घातले तर ते तंतूंच्या रेषेत उकलतं. म्हणून घाई इथे चालत नाही, आणि आळसही नाही. ऐरणीवर आल्यावर काही घावांतच रंग उतरतो, आणि गज पुन्हा कोळशात जातो.

ज्या गजाचं तळाचं टोक गंजून संपलं आहे, त्याला तेवढाच नवा तुकडा जोडता येतो. दोन्ही टोकं निमुळती करायची, जवळजवळ पांढरी होईपर्यंत तापवायची, एकमेकांवर ठेवायची आणि ठोकायचं. मघाची मळी इथे कामाला येते. ती वितळते आणि सांध्यातली घाण घेऊन बाहेर पडते, म्हणून हे लोखंड आगीत छान जुळतं. दिल्लीचा गुप्तकाळातला लोहस्तंभ, सुमारे ७ मीटर उंचीचा आणि ६ टनांहून जड, अशाच तापवून ठोकून जोडलेल्या लोखंडाचा आहे.

मग विजेचं वेल्डिंग वाईट का? वेल्डिंग वाईट नाही. एमएसच्या फाटकाला तेच योग्य आहे. पण घडीव लोखंडावर वरवर टाका मारला तर तो बाहेरच्या पापुद्र्याला धरतो आणि आतले थर मोकळेच राहतात. कड्याच्या कडेने टाके मारले तर आतला गंज तसाच कोंडला जातो, आणि वर तो सांधा पुढे कधी सोडवता येत नाही. बिडाला तर आधी सगळा भाग सावकाश तापवून, निकेलचा रॉड वापरून, पुन्हा सावकाश थंड करावं लागतं. नाहीतर टाका घालतानाच शेजारी नवी तड जाते. बिडाचं फूल फारच फुटलं असेल तर साबूत फुलावरून साचा करून दुसरं ओतून घेणं बरं.

[दृश्य: फाटकाचा खांब. वरचं कडं, तळाची उखळी. कारागीर ओळंबा सोडतो.]

एवढं सगळं करूनही झडप फरशीवर घासायची थांबणार नाही. तिचं दुखणं इथे आहे, खाली. अशी जड झडप बिजागऱ्यांवर लटकत नाही. खांबालगतचा जाड दांडा तळाच्या उखळीत उभा असतो आणि वर एक कडं त्याला फक्त सावरून धरतं. सगळं वजन तळाच्या टोकावर. उखळीत पावसाळ्याचं पाणी आणि रस्त्याची माती जाते, टोक झिजतं, आणि झडप खाली बसते. वरचं कडं सैल झालं तर ती पुढेही झुकते. मग लोक काय करतात? खालची पट्टी घासून कमी करतात किंवा टोकाला चाक लावतात. चाकामुळे आज सुटका होते, पण रस्त्याचा प्रत्येक खड्डा झडपेच्या सांध्यांना हादरा देत राहतो.

खरा उपाय म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा भरून गोल करायचं, उखळीत गनमेटलचा, म्हणजे एक प्रकारच्या कांस्याचा, बुश (आतली गोल नळी) बसवायचा, वरचं कडं दांड्याला बेताचं करायचं, आणि ओळंबा लावून दांडा दोन्ही बाजूंनी उभा आहे ना ते पाहायचं. हे साधलं की झडप एका हाताने फिरते आणि जिथे सोडाल तिथे थांबते.

दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या यांना हे जास्तच लागू. तिथलं फाटक दिवसातून कितीतरी वेळा उघडतं आणि हल्ली त्याला मोटर बसवायची असते. हाताने हलकं न फिरणाऱ्या झडपेला मोटर लावू नका. मोटर जोर करेल, आणि तो जोर जुन्या सांध्यांवर पडेल.

[दृश्य: नव्या बंगल्याचं फाटक. खालच्या चौकोनी पाइपातून तांबूस पाणी ठिबकतं.]

आजकाल रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक एमएसच असतं, तयार नक्षीचे तुकडे वेल्ड केलेलं. त्याची काळजी वेगळी. चौकोनी पाइप आतून गंजतो. खालच्या आडव्या पाइपात शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाटच नसते, आणि रंग फुगलेला दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. पाइपाच्या तळाला दोन भोकं पाडून ठेवली तर वर्षं वाढतात. खर्च जवळपास काहीच नाही.

[दृश्य: ओल्या कापडाने रंग खरवडला जातो. मुखपट्टी लावलेला कारागीर.]

रंगाचं काम सोपं समजू नका. जुन्या फाटकांवरच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता. पूर्वी प्रायमर म्हणून शेंदूर आणि जवसाचं तेलच लावत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा आपल्याकडचा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये, जाळू तर मुळीच नये. धूळ आणि वाफ दोन्ही छातीत जातात, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. अंगणात हे काम करायला लावणाऱ्या मालकांनी याचा विचार करावा. ओलं करून खरवडायचं, खरवड गोळा करून बांधायची, आणि काम करणाऱ्याला चांगली मुखपट्टी द्यायची.

उघडं लोखंड गोड्या पाण्याने धुऊन मीठ घालवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि त्याच दिवशी प्रायमर लावायचा. मुंबईच्या हवेत रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस झालेलं दिसतं. झिंक फॉस्फेटचा प्रायमर, फटी बुजवणं, मग रंगाचे दोन हात. तुकडे सुटे आहेत तोवरच सांध्यांच्या आतल्या बाजूला रंग पोचतो, जोडल्यावर नाही. आणि तोवर उघडं लोखंड गंजू नये म्हणून हे काम कोरड्या हिवाळ्यात काढावं.

इमारत वारसा यादीत असेल तर आधी परवानगी लागते. मुंबईत वारसा वास्तूंसाठीची नियमावली १९९५ पासून आहे, आणि फाटक हा वास्तूचाच भाग.

[दृश्य: झडप पुन्हा बसवली जाते. नव्या गजाच्या मागे कारागीर दुरुस्तीचं साल ठोकतो.]

नव्या घातलेल्या प्रत्येक तुकड्यावर मागच्या बाजूला दुरुस्तीचं साल ठोकलं जातं, म्हणजे पुढच्या दुरुस्तीत जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे शोधत बसावं लागत नाही.

इथून पुढचं काम इमारतीतल्या लोकांचं. पावसाळा संपला की दिवाळीच्या साफसफाईत तळाची उखळी कोरून माती काढायची, ग्रीस भरायचं, सांध्यांवर कुठे रंग फुगलाय ते पाहायचं आणि तेवढीच जागा खरवडून प्रायमर लावायचा. त्याला एक सकाळ पुरते.