वस्तऱ्याला धार लावायची, तर कोणकोणते दगड घ्यायचे?

नमस्कार मंडळी. आज बोलतोय तो वस्तरा म्हणजे अख्ख्या पात्याचा, मुठीत दुमडणारा. सलूनमध्ये हल्ली अर्धं ब्लेड अडकवतात, त्या वस्तऱ्याला दगड लागतच नाही.

दगडाचा आकडा जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक. नवीन माणूस सगळ्यात आधी १२०००चा महागडा दगड शोधतो. थांबा. पैसे आधी १०००च्या दगडावर घाला आणि तो सपाट करायच्या डायमंड प्लेटवर. धार बनते ती १०००वर. पुढचा प्रत्येक दगड फक्त आधीच्याचे ओरखडे काढतो.

जपानी मापात १०००चा कण साधारण साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४०००चा तीन, ८०००चा जेमतेम १.२. म्हणून क्रम असा: १०००, ४०००, ८०००. हौस असेल तर वर १२०००. ४०००च्या जागी ३००० किंवा ५००० असला तरी बिघडत नाही. पण १०००वरून थेट ८०००वर गेलात, की साडेअकराचे ओरखडे १.२च्या कणांनी घासत बसायचं. काम पुढे सरकत नाही, माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की पातळ धार वाकते.

खोक्यावरचा आकडाही नीट वाचा. युरोपीय मापातला एफ १००० साडेचार मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे जपानी ३०००च्या जवळ. आणि हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दगड सुरी-कोयत्यालाच ठेवा.

आता १०००वर या. बरेच दगड दहा-पंधरा मिनिटं भिजवावे लागतात. नानिवा या जपानी कंपनीच्या चोसेरासारखे दगड मात्र नुसतं पाणी शिंपडून वापरायचे. भिजत ठेवले तर तडे जाऊ शकतात. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि रेघा पूर्ण पुसल्या जाईपर्यंत प्लेट फिरवा. दगड खोलगट राहिला, तर पात्याची टाच (मुठीकडचा भाग) आणि टोक तेवढं घासलं जातं, मधला भाग अधांतरी.

पाठ आणि धार दोन्ही टेकलेली हवीत. कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, तो हाताने धरायचा नाही. धार पुढे ठेवून ढकला, आणि पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असल्यामुळे तिरकं न्या: सुरुवात टाचेकडून, शेवट टोकाशी. पलटताना पाठीवरूनच पलटा.

हे बघा, जवळून दाखवतो. धारेच्या कडेला काळा मार्कर लावला, तीन-चार हात मारले. इथे मध्ये अगदी काठावर शाई राहिलीये, म्हणजे दगड धारेपर्यंत पोचलाच नाही. आता धार वर करून दिव्याखाली धरतो. तो पांढरा ठिपका चमकतोय ना? तिथे दोन बाजू अजून भेटलेल्या नाहीत. ठिपके जाईपर्यंत आणि हातावरचे केस टाचेपासून टोकापर्यंत सारखे निघेपर्यंत १००० सोडू नका. धारेच्या दहापैकी नऊ तक्रारी इथल्याच असतात.

४००० आणि ८०००वर तेच, फक्त हात हलका करत जायचं. दगड बदलताना वस्तरा आणि हात दोन्ही धुवा. १०००चा एक कण ८०००वर पडला तरी ओरखडा उठतो. १२०००वर वस्तऱ्याचं स्वतःचं वजन पुरे, पंधरा-वीस फेऱ्या बस. जास्त घासलं की काठाला तारेसारखी पत्री सुटते आणि दाढी करताना ती तुटते.

बेल्जियमचा पिवळा कोटिक्युल १२०००च्या जागी घ्यावा का? सुंदर दगड. गारनेट या कठीण खनिजाचे कण असतात, पाण्यात घासून वर दगडाचा चिखल काढला तर भराभर कापतो, नुसत्या पाण्यावर शेवटची धार देतो. पण खाणीतला प्रत्येक तुकडा वेगळा वागतो. पहिला दगड म्हणून मी सुचवणार नाही.

शेवटी चामोटी, म्हणजे चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, चाळीस-पन्नास फेऱ्या. चामडं ताणून धरा. सैल सोडलंत तर काठ गोल होतो आणि वस्तरा केस ओढायला लागतो. तसं झालं तर ८०००वर पुन्हा दहा-बारा हात मारा, मग चामोटी.